छायाचित्रकार अज्ञात

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई माझ्या फ्रेमच्या दुकानात आल्या. त्यांनी एवढं मोठं काम पुढ्यात ठेवलं की मी आधी त्यांना बसायला सांगायचंच विसरलो. नव्या वाचनकक्षाच्या भिंतींवर आपल्या शहराची वीस जुनी छायाचित्रं लावायची, सगळी एकाच मापाची आणि एकसारख्या फ्रेमची. कुठली लावायची ते मीच ठरवायचं. "तुमचं इंटरनेटवरचं पान मी रोज बघते. तुमच्याइतकं जुनं शहर कुणाला ठाऊक आहे?" असं त्या म्हणाल्या. २३ मार्चला कक्ष उघडणार.

गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाकडे वाचनालय असं विचारायला येतं, ही देवाचीच कृपा.

पानाचा उद्योग सुरू होऊन चार वर्षं झाली. रोज सकाळी दुकान उघडलं की प्रार्थना, आणि आठवड्यातून दोनदा पानावर एक जुनं चित्र. कुणी फोनवर पाठवलेलं, दुसऱ्या कुणाच्या पानावर दिसलेलं, इंटरनेटवर कुठेतरी सापडलेलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी ते साफ करतो. डाग काढतो, धूळ काढतो, ओरखडे भरतो. आजवर चारशे बारा चित्रं झाली. पान बघणारे नऊ हजार तीनशे चाळीस. मला आकड्यांचं काही नाही. मी सेवा म्हणून करतो.

मधल्या भिंतीवर काय लावायचं ते बाई बोलत होत्या तेव्हाच ठरलं होतं. पुरातल्या शिक्षिका.

९ फेब्रुवारी, रविवार

पुरातल्या शिक्षिकांचं चित्र मोठं होऊन आलं. दुकान बंद ठेवून दिवसभर त्याच्यापुढे बसलो.

कमरेएवढं पाणी. मागे शाळा खिडक्यांपर्यंत बुडालेली. तिशीच्या आतल्या एक बाई वर्गातला फळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पाण्यातून येताहेत. फळ्यावर खडूने लिहिलेलं गणित अजून दिसतं आहे. सगळं वाहून चाललं असताना माणूस काय उचलतो, ते या चित्रात आहे. साठ वर्षांपूर्वीच्या पुराचं हे चित्र जगभर फिरतं, कुणी ते स्वतःच्या देशातलं म्हणूनही खपवतं. पण शाळा आपली आहे. मी ओळखली. चित्रावर एक लांबलचक ओरखडा होता, बाईंच्या कमरेपासून थेट खालच्या कोपऱ्यापर्यंत. तो भरायला मला तीन दुपारी लागल्या. आता पाणी कसं नितळ दिसतं. पानावर टाकताना खाली मी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, 'छायाचित्रकार अज्ञात. लांब ओरखडा भरून साफ केलं.'

काच कापताना उस्तादांची आठवण आली. मी पंधराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा चांगली पातळ काच मिळायची नाही. मग उस्ताद भंगारवाल्याकडून फोटो स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्हच्या काचा पोत्याने आणायचे. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन मी त्या घासायचो. घासण्याआधी एकेक काच उजेडाला धरायची मला सवय होती. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची माणसं दिसायची. उस्ताद ओरडायचे, "अरे, लग्नाला आलायस का? धू!" त्या काचेत आम्ही किती देवांच्या तसबिरी बसवल्या! तशी काच आता मिळत नाही.

११ फेब्रुवारी

पानावर निरोप आला. जसा आला तसा उतरवून ठेवतो.

'नमस्कार. मी सासऱ्यांच्या वतीने लिहीत आहे. ते सांगतात तसंच लिहिते. अज्ञात म्हणजे मी. अजून जिवंत आहे. शिक्षिकेचा फोटो मी काढला. तुम्ही जो पुसलात तो ओरखडा नव्हता, दोर होता. त्याचं दुसरं टोक माझ्या कमरेला होतं. फोटो काढून टाका.'

खाली पत्ता होता. बसने पाऊण तासाचं अंतर.

१२ फेब्रुवारी

हिला निरोप दाखवला. ती दवाखान्यातून नुकतीच आली होती, तिथे ती नोंदणीच्या खिडकीवर बसते. उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"मग काढा की."

"अगं, कुणीही उठून म्हणेल माझा आहे म्हणून. आणि जुनी गोष्ट सगळ्यांचीच असते. शेवटी सगळं देवाचंच."

"शेजारच्या कुंपणातली फुलं तोडून देवाला वाहिली तर तो घेतो का, ते त्यालाच विचारा. रोज बसता ना त्याच्यापुढे." मग चपला काढता काढता म्हणाली, "आणि चार वर्षांत एकाला तरी विचारलंत का, बाबा रे, हा फोटो तुझा का?"

विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नाही, असं लिहिणार होतो. पण ही वही माझीच आहे, इथे कुणासमोर शहाणपण मिरवायचं? दोन-तीनदा सुचलं होतं. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण स्वतःच्या. "चूक माझीही आहे," म्हणाल्या, "मी समजले तुम्ही चौकशी करून टाकता."

त्यांनी मला नीट समजावलं. चित्र इंटरनेटवर सापडलं म्हणजे ते रस्त्यावर पडलेलं नसतं. ज्याने काढलं त्याचा त्यावर हक्क असतो, तो मरेपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं. मग वारसांचा. फार जुनी असतील ती मोकळी होतात, ती खुशाल लावा, पण कुठून घेतली ते लिहा. मी विचारलं, नाव माहीतच नसेल तर? "तर शोधायचं. खरोखर शोधायचं. 'अज्ञात' हा शब्द शोधून दमल्यावर लिहायचा असतो, शोधायच्या आधी नाही."

परतीच्या वाटेवर हे वाक्य पायात खडा गेल्यासारखं टोचत राहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आजोबांचं वय शहाऐंशी. ताठ बसतात, नजर अजून तीक्ष्ण, ऐकायला कमी. सूनबाई शाळेत संगीत शिकवते. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "दादा, ते ओरखडावाले आलेत."

आजोबांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "फ्रेमवाला आहेस? मग तुला ठाऊक असेल, चौकटीच्या बाहेर काय राहिलं ते चौकटीच्या आतल्याइतकंच महत्त्वाचं असतं."

त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, स्टुडिओ नवा. पूर आला तेव्हा चार-पाच जण शाळेचं सामान काढायला गेले. शिक्षिका ऐकेनात, फळा राहिला म्हणून पुन्हा पाण्यात शिरल्या. तेव्हा यांनी एक दोर त्यांच्या कमरेला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, आणि शाळेसमोरच्या गोदामाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. कॅमेरा गळ्यात होताच. "ओढ लागली असती तर कॅमेरा सोडून दोर ओढायचा, एवढं ठरवलं होतं. एकच काच उरली होती. एकदाच दाबलं."

तो दोर मी तीन दुपारी बसून पुसला होता. माफी मागितली. म्हणालो, माझा समज होता की अशी चित्रं देवाचीच असतात.

"असतीलही," आजोबा म्हणाले. "पण त्या दिवशी कॅमेरा मी धरला होता. देवाचे हात दोराला गुंतले होते."

सूनबाई हसली, मीही हसलो. मग मी धीर करून म्हटलं, वाचनालयात तुमच्या नावानिशी मोठं करून लावू द्या. त्यांचा चेहरा एकदम मिटला. "नको. काढून टाक." का ते सांगेनात.

मूळ काच कुठे आहे विचारलं. काही उरलं नाही, म्हणाले. चौतीस वर्षांपूर्वी ते आठ महिने रुग्णालयात होते, तेव्हा भावाने स्टुडिओ रिकामा केला. सहाशे काचा पोत्यांत भरून भंगारवाल्याला दिल्या.

मी निरोप न घेताच उठलो. का ते तिथे कळलं नाही. बसमध्ये बसल्यावर कळलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी पानावरून शिक्षिकांचं चित्र काढलं. प्रार्थनेला बसलो, पण शब्दांऐवजी हातांनाच सोड्याचा वास आल्यासारखं झालं.

चौतीस वर्षांपूर्वी मी पंधराचा होतो. मनाला म्हणतो, स्टुडिओ काय एकच होता का? भंगारवाले काय एकच होते? पण आमच्या उस्तादांचा भंगारवाला एकच होता, आणि पोती आली होती ती त्याच एका वर्षी.

पाण्यातली बाई मी उजेडाला धरली होती का, आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही. आठवली असती तर बरं होतं की वाईट, ते ठरवता येत नाही.

सांगायची गरज नाही. त्यांना कधीच कळणार नाही.

१९ फेब्रुवारी

सांगून आलो.

आजोबा हात गुडघ्यांवर ठेवून खिडकीकडे बघत बसले. सूनबाई मला दारापर्यंत सोडायला आली. "आता तुम्ही जा," एवढंच म्हणाली, पण रागाने नाही.

घरी हिला म्हटलं, सांगून त्यांचं काय भलं झालं? उगाच जखम उघडली. ती म्हणाली, "पाणी गरम करते. आंघोळ करा." आणि जेवताना माझ्या ताटात न विचारता वाढत राहिली.

२७ फेब्रुवारी

आठ दिवस वहीला हात लावला नाही. पानावरही काही टाकलं नाही. लोक विचारत होते, आजारी आहात का?

आज अकराच्या सुमाराला दुकानासमोर रिक्षा थांबली आणि सूनबाईचा हात धरून आजोबा उतरले. मी स्टुलावर गादी घातली. त्यांनी काउंटर, काच कापायचा हिरा, भिंतीवरचे फ्रेमचे नमुने, सगळं सावकाश पाहून घेतलं.

"किती धुतल्यास?"

"तीनशे तरी असतील."

"माझ्या सहाशे होत्या. उरलेल्या तीनशे कुणी धुतल्या ते शोध. त्यालाही बघायचंय मला."

मला हसावं की रडावं कळेना. सूनबाई म्हणाली, "आठवडाभर अबोला धरला आमच्याशी. आज सकाळी म्हणतात, पंधरा वर्षांचं पोर, त्याला काय कळणार, उस्तादाच्या कानाखाली द्यायला पाहिजे होती. म्हटलं, उस्ताद आहेत का? नाहीत म्हणे. मग म्हणाले, चला, पोराकडेच जाऊ."

मी पाया पडलो. आजोबांनी खांद्याला धरून उठवलं आणि मग ते बोलू लागले. अशी गोष्ट सांगायला माणूस रिक्षाने का येतो, ते मला आता उमगतं आहे. मी माझं सांगितलं म्हणून त्यांना त्यांचं सांगता आलं.

पाण्यातून बाहेर आल्यावर शिक्षिका त्यांच्यावर भडकल्या होत्या. "माझा अवतार बघ! आणि तू फोटो काढतोस?" यांनी वचन दिलं, तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला देणार नाही. एक प्रत छापून, पाठीमागे ते वचन लिहून, सही करून, त्यांना नेऊन दिली. तीन महिन्यांनी एक वार्ताहर स्टुडिओत आला, चित्र बघून वेडा झाला. यांना वाटलं, आपलं नाव छापून येईल. दिलं. चित्र पहिल्या पानावर आलं, नाव आलंच नाही.

"मग तुम्ही बाईंना भेटलात?"

"कुठल्या तोंडाने? वर्षभरात त्यांची बदली झाली. सुटलो, असं वाटलं." मग मान हलवून म्हणाले, "सुटलो नाही. बासष्ट वर्षं तो फोटो कुठे दिसला की मी मान वळवतो. तुला 'काढून टाक' म्हणालो ते माझं आहे म्हणून नाही. माझं असूनही मला ते देता येत नाही म्हणून."

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बाई आता नसतील. पण त्यांचं कुणी असलं तर मला विचारायचंय. तुझं ते पान नऊ हजार लोक बघतात म्हणे. शोधून दे."

२ मार्च, रविवार

पानावर आज चित्राविना मजकूर टाकला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

लिहायला सकाळ गेली. हिने तीन वेळा खोडायला लावलं. "देवाची इच्छा, शहराचा ठेवा, हे काढा. काय हवंय ते लिहा." शेवटी असं झालं: 'पुरातल्या शिक्षिकांचं चित्र मी काढून टाकलं आहे, कारण ते मी न विचारता लावलं होतं. ज्यांनी ते काढलं ते सापडले आहेत. आता शिक्षिकांच्या घरच्यांचा शोध आहे. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. तोवर हे चित्र कृपा करून पुढे पाठवू नका. इथली बाकीची चित्रंही मी एकेक करून तपासतो आहे. त्यात तुमच्या घरच्यांनी काढलेलं काही असेल तर सांगा. नाव लिहीन, नाहीतर उतरवीन.'

संध्याकाळपर्यंत चौदा लोकांनी मला वेडा ठरवलं. एकाने लिहिलं, 'जुन्या फोटोला मालक कसला? उद्या म्हणाल चंद्राला विचारून चांदणं बघा.' वाक्य झकास आहे. महिन्यापूर्वी मीही टाळी दिली असती.

रात्री जेवणाआधी आकडा बघितला. तीनशे लोक सोडून गेले होते. जेवण झाल्यावर पुन्हा बघितला, हे खरं लिहितो.

५ मार्च

नवं संकट. वाचनालयाच्या अध्यक्षांना इंटरनेटवर एक चित्रं विकणारं दुकान सापडलं, त्यात शिक्षिकांचं चित्रही आहे. आडवा मोठा शिक्का मारलेला, खाली 'सर्व हक्क आमचे'. अध्यक्ष म्हणाले, "एवढंच ना? त्यांना पैसे भरू, पावती घेऊ, विषय संपला. म्हाताऱ्याकडे कागद आहे का एखादा?"

ग्रंथपाल बाईंनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ज्याचं नाही त्याच्याकडून घेतलेल्या परवानगीला काय अर्थ, असं मी म्हणाले. तर म्हणतात, बाई, पावती ती पावती. शेवटी पंधरा तारखेपर्यंत मुदत घेतलीय. तोवर आजोबांनी काढल्याचा काही पुरावा आणा. नाहीतर त्या दुकानाचं नाव लागेल खाली."

पुरावा. पुरावा मी सोडा घालून धुतला.

आजोबांना हे अजून सांगितलेलं नाही. एकदा 'अज्ञात' म्हणून पुसलं गेलं, ते सोसलं त्यांनी. आता त्या जागी दुसऱ्याचं नाव बघायला लागलं तर?

८ मार्च

पान म्हणजे नुसता गाळ नाही. सहा दिवसांत माझ्या चारशे बारांपैकी एकतीस चित्रांची माणसं सापडली! एकाने लिहिलं, घंटाघराचा फोटो माझ्या काकांचा, राहू द्या, फक्त नाव घाला. एका बाईंनी स्टेशनचं चित्र उतरवायला सांगितलं, त्यात त्यांचे वडील आहेत, कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही, उतरवलं. मी आणि ही रोज जेवणानंतर वही घेऊन बसतो. ती वाचते, मी लिहितो. "चार वर्षं हेच केलं असतं तर पुस्तक झालं असतं," म्हणाली. मग म्हणाली, "अजूनही होईल."

आणि आज दुपारी एक आवाजी निरोप आला. मी तो उभ्याने ऐकला.

"नमस्कार हो. त्या फळ्यावाल्या बाई म्हणजे माझी मावशी. अकरा वर्षांपूर्वी गेली. लग्न केलं नाही, शेवटची वीस वर्षं माझ्याकडेच होती. तो फोटो आमच्या स्वयंपाकघरात लागलेला आहे, फ्रेममध्ये. मागे काही लिहिलंय का माहीत नाही, कधी उघडली नाही. तुम्हीच उघडा, तुम्ही फ्रेमवाले ना? शुक्रवारी येते."

१४ मार्च, शुक्रवार

रात्रीचा एक वाजलाय. तरी सगळं लिहून काढतो.

मावशींची भाची साठीची, जाडजूड, बोलकी. फ्रेम चादरीत गुंडाळून पहाटेच्या बसने मांडीवर घेऊन आली. आजोबा आणि सूनबाई आधीच येऊन बसले होते. ग्रंथपाल बाईही आल्या. माझं दुकान एवढंसं, शेवटी मी काउंटरच्या आत आणि ही दारात, असे उभे राहिलो. हिने दवाखान्यातून रजा घेतली होती. कारण काय दिलं विचारलं तर म्हणाली, "नवऱ्याचं ऑपरेशन."

फ्रेम काउंटरवर ठेवली. काचेवर स्वयंपाकघराचा तेलकट थर होता, आणि चित्रात दोर होता. पाण्यावरून तिरपा येऊन कोपऱ्यातून बाहेर गेलेला. आजोबांनी मान वळवली, मग पुन्हा समोर बघितलं.

फ्रेम उलटी केली. मागचा कागद वाळून पापडासारखा झाला होता. पातळ सुरीने कडेने कापला. खिळे गंजलेले, पकडीने एकेक वाकवला. एकूण चौदा होते. भाची म्हणाली, "मावशीने स्वतः ठोकलेत. कुणाला हात लावू द्यायची नाही." पुठ्ठा उचलला. चित्राच्या पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का, तारीख, आणि त्याखाली शाईने लिहिलेलं: 'बाईंना विचारल्याशिवाय हे चित्र कुणालाही देणार नाही.' खाली सही.

ग्रंथपाल बाईंनी सुस्कारा टाकला. पुरावा मिळाला होता. पण आजोबा पुराव्याकडे बघत नव्हते, वचनाकडे बघत होते.

मी पुठ्ठा बाजूला ठेवायला उलटा केला, तर त्याला आतून आणखी एक कागद चिकटवलेला. लोक फ्रेमच्या मागे काय काय ठेवतात हे आमच्या धंद्यात ठाऊक असतं. पत्रं निघतात, केसांची बट निघते. हे वर्तमानपत्राचं कात्रण होतं. तेच चित्र, पहिल्या पानावरचं. कडा पट्टीने कापलेल्या.

आजोबा पुटपुटले, "म्हणजे बघितलं होतं त्यांनी."

कात्रणाखाली छापील ओळ होती, पूर, शाळा, शिक्षिका. आणि त्या ओळीच्या शेवटी लाल शाईने एक खूण. गाळलेला शब्द वर लिहिताना शिक्षक वहीत करतात ती. त्या खुणेवर, अगदी शाळेतल्या वळणदार अक्षरात, आजोबांचं पूर्ण नाव. वर्तमानपत्राची चूक मावशींनी दुरुस्त करून ठेवली होती.

सूनबाईने ते मोठ्याने वाचलं. आजोबांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा वाचलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

मग ते काठीवर भार देऊन उठले आणि भाचीसमोर उभे राहिले. शहाऐंशी वर्षांचा माणूस, मुलाखतीला आल्यासारखा. "बाईंना विचारायचं राहिलं. तुम्हाला विचारतो. हे चित्र वाचनालयात लावू का?"

भाची डोळे पुसत होती, तरी तिचं तोंड काही थांबलं नाही. "अहो काका, तिने वीस वर्षं माझ्या शेगडीच्या वर भिंतीला लावून ठेवला होता! येईल त्याला दाखवायची. दोराचं टोक कुणाकडे होतं तेही सांगायची. परवानगी नसती तर लावला असता का?" मग तिला काहीतरी जाणवलं असावं, कारण तिने पदर सावरला आणि नीट उत्तर दिलं. "हो. लावा. मावशीच्या वतीने सांगते, लावा."

"आभारी आहे," आजोबा म्हणाले, आणि खाली बसले.

१५ मार्च

अध्यक्षांना पाठीवरचा शिक्का दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि म्हणाले, "मग मी तरी काय वेगळं म्हणत होतो?" चित्रं विकणाऱ्या त्या दुकानाला ग्रंथपाल बाईंनी आजोबांच्या सहीचं पत्र पाठवलं आहे. ते ऐकतील का, माहीत नाही.

भाचीने प्रत आठ दिवसांसाठी ठेवली. त्यावरून नवी मोठी प्रत करून घेतली. या वेळी धूळसुद्धा पुसली नाही.

२३ मार्च, रविवार

वाचनकक्ष उघडला.

वीस चौकटी लागल्या, पण चित्रं सोळाच. दहा इतकी जुनी की ती आता मोकळी आहेत, सहांची परवानगी मिळाली. उरलेल्या चार चौकटींत मी कोरा कागद लावला आणि खाली लिहिलं, इथे कुठलं चित्र लावायचं होतं आणि आम्ही कुणाला शोधतो आहोत. अध्यक्षांना ते लाजिरवाणं वाटत होतं. पण सगळ्यात जास्त गर्दी त्या कोऱ्या चौकटींसमोरच होती. एक म्हातारे गृहस्थ तिसरीपुढे उभे राहून बायकोला म्हणाले, "अगं, हा आपल्या शेजारच्या शिंप्याचा भाऊ असणार, त्याच्याकडे होता कॅमेरा." ग्रंथपाल बाई वही घेऊन धावल्या.

मधल्या भिंतीवर शिक्षिका. खालच्या पट्टीवर दोन नावं. आजोबांनी सांगितल्याप्रमाणे आधी बाईंचं, मग त्यांचं. आजोबा त्या चित्राखालच्या बाकावर बसून होते. भाषणं झाली ती त्यांना ऐकू आली नाहीत, त्यामुळे ते खुशीत होते.

शेवटी सगळे पांगत असताना अध्यक्ष घाईने आले आणि चित्राचा फोटो घ्यायला मोबाईल वर केला. आजोबांनी काठी उचलून हळूच मध्ये धरली.

"विचारलंत का?"

अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. वाचनालय त्यांचं, भिंत त्यांची, फ्रेमचं बिलही त्यांच्याच सहीने निघालेलं. सूनबाईने तोंडाला रुमाल लावला. माझी बायको तर सरळ हसत होती. अध्यक्षांनी मोबाईल खाली घेतला, कोटाचं बटण लावलं आणि आजोबांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "काका, एक फोटो काढू का?"

आजोबांनी काठी बाजूला घेतली.

"काढा. पण सरळ धरा, पाणी एका बाजूला सांडतंय."